किरणांची भीती, आणि गॅसचं काहीच नाही?



आपल्या मंडळाच्या येत्या बैठकीत एक ठराव येतो आहे. ज्या पाकिटावर विकिरणाचं हिरवं चिन्ह असेल तो मसाला, ती डाळ, ते पीठ घरात आणायचं नाही, चौक्यात तर नाहीच, कारण त्यात अणूचं विष असतं. मी या ठरावाच्या विरोधात हात वर करणार आहे. बैठकीत एकेकीला पाच मिनिटं मिळतात आणि त्यातली दोन माईक सुरू होण्यात जातात, म्हणून माझं म्हणणं आधीच इथे सविस्तर लिहिते. भांडायला जरूर या, पण वाचून या.

ठरावाचं मूळ सगळ्यांना माहीत आहे. गेल्या महिन्यात मोबाईलवर एक संदेश फिरला. मसाल्यावर 'अणुकिरण' मारतात, तो खाल्ला की किरण पोटात साठतात, अमुक चिन्ह दिसलं की पाकीट फेकून द्या. खाली कुणाचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. आपल्यातल्या एकीने तीन न फोडलेली पाकिटं कचऱ्यात टाकली आणि बाजारातून सुटं तिखट आणलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्या सुट्या तिखटात काय आहे, ते कुठे वाळलं, कशात दळलं, त्यावर कुणी काय फवारलं, हे सांगणारा एक शब्दही त्या कागदी पुडीवर नव्हता.

आता हे विकिरण म्हणजे काय ते पाहू. दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींची एक खोली असते. आत कोबाल्ट-६० नावाच्या धातूच्या कांड्या, पोलादी नळ्यांत पक्क्या बंद केलेल्या. काम नसताना त्या पाच-सहा मीटर खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेल्या असतात. काम सुरू झालं की कांड्या वर येतात आणि मालाची खोकी त्यांच्या भोवतीने फिरून बाहेर पडतात. कांडीचा आणि खोक्याचा स्पर्श होत नाही. कांडीतून गॅमा किरण निघतात, एक्स-रेच्याच कुळातले पण जास्त जोरकस. ते खोक्यातून, पाकिटातून, मसाल्यातून आरपार जातात. वाटेत जिवंत पेशी असेल तर तिच्या आतला डीएनएचा धागा तुटतो आणि तिची वाढ थांबते. जंतू मरतात, अंडी उबत नाहीत, कोंब फुटत नाही.

आणि मसाल्यात किरण साठतात का? नाही. पापड, कुरडया आपण पिढ्यान्‌पिढ्या गच्चीवर उन्हात घालत आलो. डब्यात भरलेला पापड रात्री उजेड देतो का? ऊन लागलं, काम झालं, ऊन गेलं. छातीचा एक्स-रे काढून आलेल्या सासूबाईंना आपण वेगळ्या खोलीत ठेवत नाही. कोबाल्टच्या किरणांत एवढी ताकदच नसते की अन्नातल्या अणूचं केंद्रक बदलून त्यालाच किरणोत्सर्गी करावं.

माझ्या वयाच्या बायकांच्या मनातली भीती कुठून येते तेही मला ठाऊक आहे. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. त्यानंतर आयर्लंडहून आपल्याकडे लोणी आलं, त्यावरून मुंबईत मोठा गदारोळ झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. घरोघरी तेव्हा लोण्याकडे संशयाने बघत होते. पण तिथे गोष्ट वेगळी होती. भट्टीतून उडालेली किरणोत्सर्गी धूळ गवतावर पडली, गवत गाईच्या पोटात गेलं, तिथून ती दुधात उतरली. म्हणजे किरण सोडणारा पदार्थच अन्नात मिसळला. दिव्याचा उजेड ताटावर पडणं आणि दिव्यातलं रॉकेल ताटात सांडणं यात जो फरक, तोच या दोन गोष्टींत आहे. ठराव लिहिणाऱ्या भगिनीने नेमका हा फरक पुसून टाकला आहे.

मात्रेचं थोडं सांगते, कारण हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून ६० ते ९० ग्रे पुरतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० द्यावे लागतात. रवा, मैदा, डाळी यांतल्या किडीसाठी २५० ते १०००. मसाल्यातल्या जंतूंसाठी ६,००० ते १४,०००. ऑपरेशनच्या हातमोज्यांसारख्या वस्तूंना साधारण २५,०००. माणसाच्या सगळ्या अंगावर चार-पाच ग्रे पडले तरी जीव धोक्यात येतो, म्हणून त्या भिंती इतक्या जाड. हे मी लपवत नाही. पण १०,००० ग्रे म्हणजे उष्णतेत किती? पाणी जेमतेम अडीच अंशांनी तापेल एवढी. म्हणून मसाल्याचा वास उडत नाही, वाफेवर धरला तर उडतो. १९८० साली जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १०,००० ग्रेपर्यंतच्या अन्नात विषाचा धोका नसल्याचं सांगितलं. आपल्या सरकारने कांदा, बटाटा आणि मसाल्यांना १९९४ साली परवानगी दिली. तीस वर्षं होऊन गेली त्याला.

हे सगळं कुठे परदेशात चालतं असंही नाही. मसाल्यांसाठीचं केंद्र नवी मुंबईत वाशीला २००० सालापासून आहे. २००२ साली नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने 'कृषक' उभारलं. कांदा आपल्या घरात येत नाही, पण लासलगावचं नाव न ऐकलेली मराठी बाई शोधून सापडायची नाही. ते उभारलं कांद्यासाठी, नावाजलं मात्र आंब्याने. २००७ साली अमेरिकेचं दार हापूसला उघडलं ते याच अटीवर, की कोयीतला भुंगा आणि फळमाशी तिकडे जाऊन पिल्लं घालणार नाहीत. माझी भाची न्यू जर्सीला असते. दर मे महिन्यात आंब्याच्या पेटीचा फोटो पाठवते. त्या पेटीतला प्रत्येक आंबा किरणांतून गेलेला असतो. आपल्यातल्या किती जणींची मुलं-सुना तिकडे तो आंबा खातात ते मोजा आणि मग ठरावावर सही करा.

जाता जाता एक वाणिज्य शाखेची गोष्ट. कोबाल्ट-६० ची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते. म्हणजे दरवर्षी साधारण बारा टक्के घसारा, तोही घटत्या शिल्लक पद्धतीने, अगदी आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकातल्यासारखा! गंमत अशी की यंत्र बंद ठेवलं तर यंत्राची झीज थांबते, कोबाल्टची थांबत नाही. माल येवो न येवो, घसारा चालूच. कांद्याचा हंगाम चार दिवसांचा, कांद्याला भाव कधी मातीमोल तर कधी सोन्याचा. शिवाय किरणांनी कोंब थांबतो, सडणं आणि वजन घटणं थांबत नाही. त्यासाठी वर शीतगृहाचाही खर्च. इतक्या वर्षांत सगळा कांदा या वाटेने का गेला नाही, याचं उत्तर मला विज्ञानापेक्षा या खतावणीत दिसतं.

आता मुद्द्यावर येते. किरण नकोत म्हणता, मग मसाल्यातले जंतू मारायला दुसरं काय वापरतात याची चौकशी केलीत का? हळद उकडून अंगणात वाळते, मिरची जमिनीवर पसरतात, धणे-जिऱ्यावर वारा, धूळ, पाखरं सगळंच. जंतू असणारच. त्यावर एक उपाय वाफ. दुसरा इथिलीन ऑक्साइड नावाचा गॅस. हा गॅस माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत पहिल्या गटात आहे आणि युरोपात अन्नासाठी तो वापरायला केव्हाचीच बंदी आहे. २०२० साली भारतातून युरोपात गेलेल्या तिळात त्याचा अंश सापडला आणि माल परत घ्यावा लागला. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने आपल्याकडच्या काही तयार मसाल्यांवर याच कारणासाठी कारवाई केली. ही बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत होती. तेव्हा आपल्या मंडळात ठराव आला होता का? त्या आठवड्यात आपण अधिकमासाच्या जेवणाचा मेनू ठरवावा तशा शांतपणे सहलीचा मेनू ठरवत होतो.

गॅसचा अंश मालात मागे राहू शकतो. किरण मागे राहत नाहीत. गॅस वापरल्याचं चिन्ह पाकिटावर नसतं. किरण दिल्याचं चिन्ह कायद्याने छापावंच लागतं, तारीख, परवाना क्रमांक आणि कशासाठी दिले ते सुद्धा. आणि किरण दिलेला माल सुटा विकता येत नाही, बंद पाकिटातच विकावा लागतो. म्हणजे आपला ठराव काय करतो? जो व्यापारी खरं छापतो त्याला शिक्षा, आणि जो काहीच छापत नाही त्याच्याकडून खरेदी. कुठल्याही हिशेबनीसाला विचारा, यानंतर पुढच्या वर्षी खरं कोण छापेल?

गोदामातल्या धान्याचंही तेच. गव्हाच्या, डाळींच्या थप्प्यांवर ताडपत्री टाकून आत विषारी गोळ्या ठेवतात, त्यांच्या वायूने किडे मरतात. आपल्या डब्यापर्यंत येणाऱ्या धान्यातलं पुष्कळसं या वाटेने येतं. आपण घरी एरंडेल लावतो, कडुनिंबाचा पाला घालतो, आणि समजतो की धान्याचा प्रवास आपल्या डब्यापासूनच सुरू झाला.

इथे आपल्यातल्या काही जणी म्हणतील, विषाचं सोडा, हिंसेचं काय? हा प्रश्न खरा आहे, आणि ठरावात नेमका तोच नाही. किरणांनी जीव मरतात. त्यात शब्दांचा खेळ करण्यासारखं काही नाही. कमी मात्रेत किडा लगेच मरत नाही, वांझ होतो, काही दिवसांनी मरतो, अंडं उबत नाही. त्रस जीवाचा घात आहेच. पण मग गोदामातल्या गोळीनेही तोच घात होतो, आणि तो आपण वर्षानुवर्षं डोळे मिटून विकत घेतो. संकल्पी हिंसा कुठली, उद्योगी कुठली, आरंभी कुठली, हे ठरवायला मी पंडित नाही. चातुर्मासात माताजी असतील तेव्हा त्यांच्यापुढे दोन्ही गोष्टी एकत्र मांडा, गोळी आणि किरण. एकीचं नाव घ्यायचं आणि दुसरी पदराखाली झाकायची, असं करून विचारू नका. 'अणू' शब्द ऐकून जी दचकते आणि 'गोळी' शब्दावर जी दचकत नाही, तिला अहिंसेची काळजी आहे असं मी कसं मानू?

दुसऱ्या टोकाच्या लोकांचाही मला तितकाच राग येतो. एका दुकानदाराने मला डाळीचं पाकीट दाखवून सांगितलं, "काकू, हे किरण दिलेलं आहे, यात जीवच नाही, जैनांसाठी एकदम बेस्ट, निवडायचीसुद्धा गरज नाही." वा रे वा! किडा आधीच कारखान्यात मेला, म्हणून माझं पाप टळलं? आणि मेलेला किडा गेला कुठे? तो पाकिटातच आहे. किरण झाडू मारत नाहीत. खडा, केस, मेलेला किडा, औषधाच्या फवारणीचा अंश, सगळं जिथल्या तिथे राहतं. शेंगदाण्यावर किंवा मिरचीवर बुरशी येऊन गेली असेल तर बुरशी मरते, पण तिने सोडलेलं विष तसंच राहतं. म्हणून खराब माल किरण देऊन चांगला होत नाही, आणि सूप काही माळ्यावर टाकता येत नाही. निवडायचं, चाळायचं, जिवंत काही सापडलं तर अलगद आडोशाला सोडायचं, हे आपलं काम आपल्याकडेच.

पिठाच्या मर्यादेचंही तसंच. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. पाकिटावर सहा महिन्यांची तारीख छापली म्हणून ही मर्यादा सहा महिन्यांची होत नाही. त्या दोन तारखा दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या कारणांसाठी ठरवलेल्या आहेत. ज्यांच्या घरी मर्यादा पाळतात त्यांना दळलेल्या मसाल्याच्या पाकिटाचा प्रश्नच येत नाही, मग ते किरणांचं असो वा बिनकिरणांचं. खरं तर चौक्यासाठी ठराव करण्याचं कारणच नाही, तिथला नियम या सगळ्याच्या आधीपासून कडक आहे.

बटाट्याची गोष्ट तर ऐकाच. एका तरुण मुलाने मला पटवायचा प्रयत्न केला की किरण दिलेल्या बटाट्याला कोंब येत नाही, म्हणजे तो निर्जीव, म्हणजे आपल्याला चालेल. अरे बाळा, त्याला १०० ग्रेच्या आसपास किरण दिले, त्याने फक्त डोळ्यातला कोंब थांबला. बटाटा आत श्वास घेतोच आहे, पेशी जिवंतच आहेत. खायचा असेल तर सरळ खा, भाभा केंद्राला कशाला मध्ये घालतोस?

किरणांचा दोष नाहीच असं मी म्हणत नाही. काही जीवनसत्त्वं, विशेषतः बी-१, थोडी कमी होतात. शिजवतानाही होतात. स्निग्ध पदार्थांना वास येतो, दुधाला ही पद्धत मानवत नाही. ऑस्ट्रेलियात फार मोठ्या मात्रेत किरण दिलेलं खाद्य खाऊन मांजरं मागच्या पायांनी लुळी पडली आणि २००९ साली तिथल्या सरकारने मांजरांच्या खाद्याला किरण देण्यावर बंदी घातली. म्हणजे मात्रा पाळली पाहिजे आणि कुणीतरी ती तपासलीही पाहिजे. कोबाल्टची खरी भीती असेल तर ती त्याच्याजवळ काम करणाऱ्यांना. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र भंगारात विकलं गेलं, आत कोबाल्ट होता. भंगारवाल्यांनी तो उघड्या हातांनी फोडला. माणसं भाजली आणि एक जण दगावला. तो मसाला खाणारा नव्हता, पोटासाठी लोखंड तोडणारा गरीब मजूर होता. त्याच्यासाठी कुणी संदेश फिरवला नाही.

आणि दवाखान्याचं काय? ट्रॉम्बेला 'आयसोमेड' नावाचं केंद्र १९७४ पासून हेच काम करतं. हातमोजे, टाक्यांचा दोरा, सलाईनच्या नळ्या बंद पाकिटातच किरणांतून जातात. आपल्या मंडळातल्या कितीतरी सुनांची बाळंतपणं, कितीजणींची मोतीबिंदूची ऑपरेशनं अशाच सामानाने झाली. रक्ताच्या कर्करोगावर अस्थिमज्जा बदलतात तेव्हा त्या रुग्णाला द्यायचं रक्तही आधी किरणांतून काढतात, नाहीतर दात्याच्या पेशीच रुग्णावर उलटतात. माझी भीती हीच आहे. आज आपण 'किरण म्हणजे विष' असा ठराव वहीत लिहिला, तो उद्या कुणाच्या तरी मोबाईलवर गेला, आणि एखाद्या घरात आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईने डॉक्टरांना म्हटलं, आमच्या समाजात हे चालत नाही, दुसरं रक्त द्या. तेव्हा आपल्यापैकी कोण तिला समजवायला जाणार?

म्हणून मी बैठकीत दुसरा मसुदा ठेवणार आहे. त्यात तीन ओळी आहेत. आपल्या भागातल्या दुकानदारांकडून सुटं तिखट-हळद घेणं बंद करायचं. ज्या कंपनीचा मसाला घेतो तिला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र लिहून विचारायचं, की जंतूंसाठी तुम्ही वाफ वापरता, गॅस वापरता की किरण, आणि हे पाकिटावर छापाल का. ज्यांना जमेल त्यांनी अख्खे मसाले आणून थोडे थोडे दळावेत, त्यासाठी मंडळाचा कांडप यंत्राचा जुना विचार पुन्हा काढावा. हिरव्या चिन्हाबद्दल त्यात एवढंच आहे की ते ओळखायला शिका. शाकाहाराचं चिन्ह म्हणजे चौकोनात भरीव हिरवा ठिपका. हे दुसरं म्हणजे हिरवा गोल, वरची अर्धी कड तुटक तुटक, आत दोन पानं आणि त्यांच्यावर एक ठिपका. दोन्ही हिरवी असल्याने घाईत गफलत होते. मी दोन्ही मोठ्या आकारात छापून आणते आहे.

पत्राचा मसुदा लिहून तयार आहे. बैठक रविवारी दुपारी तीनला, प्रवचन हॉलच्या वरच्या मजल्यावर. येताना आपल्या घरातलं मसाल्याचं एक पाकीट सोबत आणा, रिकामं असलं तरी चालेल.